विकीतील जटिल तक्ते : रचना, सजावट आणि प्लगइनची निवड

प्रस्तावना

२५ मार्च १९९५ रोजी वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी इंटरनेटवर खुली केली. ‘विकी’ हा हवाईयन भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘जलद’ असा होतो. वाचकालाच पान दुरुस्त करता यावे आणि त्यासाठी त्याला संगणकाची भाषा शिकावी लागू नये, ही त्यामागील मूळ कल्पना होती. साध्या मजकुरात मोजकी चिन्हे घातली की शीर्षके, याद्या व दुवे तयार होतात. गद्य लिहिणाऱ्यास ही सोय पुरेशी ठरते. परंतु तक्ता करण्याची वेळ आली की या साधेपणाची कसोटी लागते. तक्ता द्विमिती असतो आणि मजकूर एकामागून एक येणाऱ्या अक्षरांचा असतो. द्विमिती रचना एकरेषीय मजकुरात बसवताना काहीतरी सोडावे लागते. एक तर चिन्हे वाढतात किंवा तक्ता साधा ठेवावा लागतो.

महाविद्यालयांत विभागीय नोंदी, वेळापत्रके, अभ्यासक्रमाचे आराखडे व मूल्यांकनासाठीची माहिती एकत्र ठेवण्यास विकी उपयुक्त आहे. या कामातील बहुतांश माहिती तक्त्यांच्याच स्वरूपात असते. प्रस्तुत लेखात ‘डोकुविकी’ या मुक्त प्रणालीच्या आधारे जटिल तक्त्यांची रचना कशी करावी, ती सजवण्यासाठी कोणते प्लगइन वापरता येतात आणि प्रत्येक प्लगइनची किंमत काय, याचे विवेचन केले आहे. किंमत येथे पैशात अभिप्रेत नाही, कारण उल्लेखिलेले सर्व प्लगइन विनामूल्य आहेत. प्लगइन काढून टाकल्यावर तक्त्याचे काय उरते, हा येथील प्रश्न आहे.

डोकुविकीचे वेगळेपण

डोकुविकीची निर्मिती जर्मन संगणकतज्ज्ञ आंद्रेआस गोर यांनी २००४ मध्ये केली. तिला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान ही एक साधी मजकूर-फाइल असते आणि जुन्या आवृत्त्या वेगळ्या फोल्डरमध्ये संकुचित स्वरूपात जपल्या जातात. उद्या सर्व्हर बंद पडला तरी त्या फाइली कोणत्याही संगणकावर नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात. संस्थात्मक नोंदींच्या दृष्टीने हा गुण फार मोलाचा आहे, कारण नोंद ठेवणारी व्यक्ती आणि दहा वर्षांनी ती उघडणारी व्यक्ती सहसा एक नसते.

मराठी विकिपीडिया (आरंभ १ मे २००३) ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिची तक्त्यांची चिन्हपद्धती वेगळी आहे. या दोन पद्धतींतील फरक पुढील चर्चेत महत्त्वाचा ठरणार असल्याने त्याचा येथे निर्देश केला आहे.

मूळ चिन्हपद्धती

डोकुविकीत तक्त्याची प्रत्येक ओळ मजकुराच्याही एकाच ओळीत लिहितात. उभी रेघ ( | ) साध्या कप्प्याची आणि टोपीचे चिन्ह ( ^ ) शीर्षकाच्या कप्प्याची सुरुवात दाखवते. कप्प्याच्या आधी कोणते चिन्ह आहे यावरून त्याचा प्रकार ठरतो. त्यामुळे वरच्या ओळीइतकेच डावीकडच्या रकान्यातील कप्पेही शीर्षक होऊ शकतात. मजकुराच्या डावीकडे दोन रिकाम्या जागा सोडल्यास तो उजवीकडे सरकतो, उजवीकडे दोन सोडल्यास डावीकडे राहतो आणि दोन्ही बाजूंस सोडल्यास मध्यभागी येतो. संख्यांचे रकाने उजवीकडे सरकवणे हा केवळ शोभेचा भाग नाही. एकक, दशक, शतक एकाखाली एक आले तरच डोळ्यांना संख्यांचे लहानमोठेपण कळते.

जटिलता येते ती कप्पे जोडण्यामुळे. दोन विभाजकचिन्हे मध्ये काहीही न लिहिता लागोपाठ घातल्यास आडवे कप्पे जोडले जातात. उभे कप्पे जोडण्यासाठी खालच्या कप्प्यात केवळ तीन अपूर्णविराम ( ::: ) लिहितात. त्याचा अर्थ ‘वरचाच कप्पा येथे पुढे चालू’ असा होतो. महाराष्ट्राच्या कोकण विभागातील जिल्ह्यांचा पुढील तक्ता पाहावा. लोकसंख्येचे आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत.

^ विभाग ^ जिल्हा ^ लोकसंख्या (२०११) ^
^ कोकण ^ मुंबई शहर |  ३०,८५,४११ |
^ ::: ^ मुंबई उपनगर |  ९३,५६,९६२ |
^ ::: ^ ठाणे |  १,१०,६०,१४८ |
^ ::: ^ पालघर | ::: |
^ ::: ^ रायगड |  २६,३४,२०० |
^ ::: ^ रत्नागिरी |  १६,१५,०६९ |
^ ::: ^ सिंधुदुर्ग |  ८,४९,६५१ |

हा मजकूर पडद्यावर तक्ता होण्याआधीही वाचता येतो, हे लक्षात घ्यावे. ज्याने डोकुविकी कधी पाहिलेली नाही, त्यालाही यातील माहिती कळेल.

शीर्षकाची ओळ दुमजली असेल तरी हीच चिन्हे पुरतात. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक आहे, हे दाखवणारा तक्ता असा होईल :

^ जिल्हा ^ लोकसंख्या (२०११) ^^
^ ::: ^ पुरुष ^ स्त्रिया ^
^ रत्नागिरी |  ७,६१,१२१ |  ८,५३,९४८ |
^ सिंधुदुर्ग |  ४,१७,३३२ |  ४,३२,३१९ |

प्रत्येक ओळीतील विभाजकचिन्हांची संख्या सारखी आहे ना, एवढे मोजून पाहावे. नवशिक्यांच्या बहुतेक चुका येथेच होतात.

जोडलेला कप्पा हे एक विधान असते

पहिल्या तक्त्यात दोन प्रकारची जोडणी आहे आणि त्या दोन्हींचा अर्थ एक नाही. विभागाच्या रकान्यातील जोडणी केवळ पुनरुक्ती टाळते. ‘कोकण’ हा शब्द सात वेळा लिहिला असता तरी माहितीत फरक पडला नसता. ठाणे व पालघर यांच्या लोकसंख्येची जोडणी मात्र वेगळी आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ मध्ये जनगणना झाली तेव्हा तो अस्तित्वातच नव्हता. म्हणून १,१०,६०,१४८ हा आकडा दोन्ही मिळून एकाच जुन्या जिल्ह्याचा आहे, असे तो जोडलेला कप्पा सांगतो. त्याऐवजी पालघरचा कप्पा रिकामा सोडला तर वाचक ‘माहिती उपलब्ध नाही’ असा अर्थ घेईल आणि ठाण्याचा आकडा आजच्या ठाण्याचा समजेल. पालघरच्या तालुक्यांची बेरीज करून २९,९०,११६ व उर्वरित ठाण्याची ८०,७०,०३२ अशी फोड करता येते, परंतु तो वेगळा तक्ता होईल आणि त्यास तशी टीप द्यावी लागेल.

कप्पे जोडणे ही सजावटीची बाब समजली जाते. वस्तुतः तो आशयाचा भाग आहे. म्हणूनच प्लगइन निवडताना ‘तक्ता किती सुंदर दिसतो’ याआधी ‘ही जोडणी कोठे आणि कशी नोंदवली जाते’ हे विचारावे लागते.

मोजणीचा धोका

मीडियाविकीची तक्त्यांची चिन्हपद्धती माग्नुस मान्स्के यांनी विकसित केली. ती डोकुविकीत वापरता यावी यासाठी ‘एक्स्टॅब’ या नावाने ओळखले जाणारे प्लगइन निघाले. त्यातील तिसरे, ‘एक्स्टॅब३’, सर्वांत सक्षम आहे. त्यात तक्ता महिरपी कंसाने सुरू होतो, ओळ बदलल्याची खूण वेगळी द्यावी लागते आणि प्रत्येक कप्पा स्वतंत्र ओळीवर लिहिता येतो :

{|
|+ कोकण विभाग
! जिल्हा
! लोकसंख्या
|-
| रायगड
| २६,३४,२००
|}

या पद्धतीचे लाभ निर्विवाद आहेत. अधिक चिन्ह असलेल्या ओळीने तक्त्याला नाव देता येते, जे डोकुविकीच्या मूळ पद्धतीत शक्य नाही. कप्प्यात एकाहून अधिक परिच्छेद किंवा क्रमवार यादी मावते. तक्ता, ओळ वा एकेका कप्प्याला रंग, रुंदी आणि वर्गनाम देता येते. मराठी विकिपीडियावर लेखन केलेल्या अध्यापकास तर ही चिन्हे पाठच असतात.

परंतु येथे उभी जोडणी संख्येने सांगावी लागते. ‘हा कप्पा इतक्या ओळी व्यापतो’ असे लिहिणाऱ्याने मोजून नोंदवायचे असते. पालघर निर्माण होण्यापूर्वी केलेल्या तक्त्यात ‘कोकण’च्या कप्प्यापुढे सहा हा आकडा असणार. २०१४ नंतर कोणी केवळ पालघरची ओळ वाढवली आणि सहाचे सात करायचे विसरला, तर काय होईल? ‘कोकण’चा कप्पा सहाव्या ओळीशी संपेल, सातवी ओळ डावीकडे सरकेल आणि सिंधुदुर्ग हे नाव ‘विभाग’ या शीर्षकाखाली येऊन बसेल. तक्त्यात सिंधुदुर्ग नावाचा नवाच महसुली विभाग अवतरेल. चूक दिसते तळाशी आणि तिचे कारण असते माथ्याशी, त्यामुळे दुरुस्ती करणारा गोंधळतो. तीन अपूर्णविरामांच्या पद्धतीत मोजणीच नसल्याने हा प्रसंग उद्भवत नाही. प्रत्येक ओळ आपण वरच्या कप्प्यात सामील आहोत हे स्वतःच सांगते. २०२३ मध्ये औरंगाबाद विभागाचे छत्रपती संभाजीनगर असे नामांतर झाले, तेव्हाही जोडलेल्या कप्प्यातील एकच शब्द बदलून आठ जिल्ह्यांच्या ओळींचे काम भागले असते.

यावरून एक्स्टॅब टाकाऊ आहे असा अर्थ घेऊ नये. अभ्यासक्रमाचा आराखडा, ज्यात प्रत्येक घटकापुढे उपघटकांची यादी, तासिका व संदर्भसाहित्य द्यायचे असते, तो मूळ पद्धतीत लिहिणे जवळजवळ अशक्य आहे. मात्र अशा वेळी तक्ता खरोखर हवा आहे का, हाही प्रश्न विचारावा. एका कप्प्यात तीन परिच्छेद मावत नसतील तर त्या मजकुराला बहुधा शीर्षके व परिच्छेदच अधिक शोभतात.

संपादनाची सोय

चिन्हे मोजत बसण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी ‘एडिटटेबल’ हा प्लगइन आहे. तो प्रत्येक तक्त्याखाली संपादनाचे बटण ठेवतो. ते दाबले की एक्सेलसारखी जाळी उघडते. त्यात कप्पे जोडता येतात, ओळी व रकाने वाढवता येतात आणि स्प्रेडशीटमधील आकडे चिकटवताही येतात. जतन केल्यावर पानात उरतात ती डोकुविकीची मूळ चिन्हेच. म्हणजे हा प्लगइन लिहिण्यापुरता आहे, लिहिलेल्यावर त्याची छाप राहत नाही.

या जाळीसाठी ‘हँड्सऑनटेबल’ नावाचा जावास्क्रिप्ट घटक वापरला आहे. २०१९ मध्ये त्या घटकाच्या सातव्या आवृत्तीपासून त्याचा मुक्त परवाना बदलण्यात आला आणि व्यापारी वापरास शुल्क लागू झाले. एडिटटेबल वापरणाऱ्यांच्या तक्त्यांवर याचा काहीच परिणाम झाला नाही. उद्या हा प्लगइन बंद पडला तरी होणार नाही. चिन्हे हाताने लिहावी लागतील, एवढेच.

सजावट आणि तिचे नियम

रंग, रुंदी, चौकटी यांसाठी डोकुविकीत ‘रॅप’ हा प्लगइन सर्वाधिक प्रचलित आहे. तक्त्याच्या आधी व नंतर त्याची खूण लिहायची आणि सुरुवातीच्या खुणेत रुंदी, स्थान किंवा वर्गनाम द्यायचे, अशी त्याची रीत आहे. स्वतःचे वर्गनाम दिल्यास प्लगइन त्याच्या आधी ‘रॅप’ व अधोरेषा असे उपपद जोडतो. सजावटीचे नियम सीएसएसमध्ये लिहिताना ते उपपद धरून लिहावे लागते, अन्यथा नियम लागू होत नाही आणि चूक कोठे झाली हे ध्यानात येत नाही. हे नियम डोकुविकीच्या ‘कॉन्फ’ फोल्डरमधील वापरकर्त्याच्या शैली-फाइलीत ठेवावेत. मूळ साच्याच्या फाइलीत ठेवल्यास पुढील अद्ययावतीकरणात ते पुसले जातात.

वर्गनाम अर्थावरून द्यावे, दिसण्यावरून देऊ नये. ‘पिवळा तक्ता’ असे नाव दिले आणि पुढे रंग निळा केला की नाव खोटे पडते. ‘अंदाजित आकडे’ असे नाव दिले तर रंग कोणताही असो, नियम लिहिणाऱ्याला आणि तो वर्षांनंतर वाचणाऱ्याला हेतू कळतो.

रंगावर अर्थाचा भार टाकणे धोक्याचे आहे. ब्राउझर पान छापताना पार्श्वभूमीचे रंग सहसा वगळतात. अंदाजित आकडे केवळ पिवळ्या रंगाने दाखवले असतील, तर छापील परिशिष्टात अंदाजित व अंतिम यांतील भेद नाहीसा होतो. मूल्यांकनाची कागदपत्रे अखेर कागदावरच तपासली जातात, त्यामुळे महाविद्यालयात ही गोष्ट गौण नाही. रंगासोबत एखादे चिन्ह वा ‘(अं.)’ असा शब्दसंक्षेप द्यावा.

शीर्षकाच्या कप्प्यांबाबत याहून गंभीर चूक होते. अनेकजण टोपीच्या चिन्हाऐवजी साध्या कप्प्यातील मजकूर ठळक करतात. डोळस वाचकास दोन्ही सारखेच दिसते. दृष्टिहीन वाचक मात्र पान ऐकतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केलेला ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर तक्त्यात एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना त्या रकान्याचे शीर्षक उच्चारतो, पण ते शीर्षक म्हणून नोंदवलेले असेल तरच. तसे नसेल तर विद्यार्थ्याला ‘चार लाख सतरा हजार’ ऐकू येते, पण ते पुरुष की स्त्रिया हे कळत नाही. दुमजली शीर्षकांत तर योग्य शीर्षक योग्य कप्प्याशी जोडले जाईलच असे नसते. म्हणून शक्य तेथे दुमजली शीर्षक मोडून ‘पुरुष (२०११)’ व ‘स्त्रिया (२०११)’ अशी एकमजली शीर्षके करावीत. तक्ता थोडा कमी देखणा होतो, हे खरे.

क्रम लावणारे प्लगइन आणि मराठी अंक

रकान्याच्या शीर्षकावर टिचकी मारून ओळींचा क्रम बदलण्याची सोय देणारे प्लगइन मोहक असतात. त्यांच्याबाबत मराठी वापरकर्त्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली म्हणजे, जोडलेले कप्पे आणि क्रम लावणे यांचे जमत नाही. लोकसंख्येनुसार ओळी हलवल्या तर पालघरच्या ओळीला स्वतःचा आकडाच नाही. तिने कोठे जावे हे संगणकास ठरवता येत नाही आणि तक्ता विस्कटतो. क्रम लावायचा तक्ता आणि जोडलेल्या कप्प्यांचा तक्ता हे वेगवेगळेच ठेवावेत.

दुसरी बाब अंकांची. जावास्क्रिप्टची संख्या ओळखण्याची मूळ पद्धत इंग्रजी अंकांपुरती आहे. देवनागरी अंक तिला अक्षरांसारखे दिसतात आणि त्यासाठी वेगळी तरतूद नसेल तर क्रम अक्षरानुक्रमे लागतो. वरील आकडे चढत्या क्रमाने लावले तर ठाण्याचे १,१०,६०,१४८ सर्वांत आधी येतील, मग रत्नागिरी, रायगड, मुंबई शहर, त्यानंतर सिंधुदुर्गचे ८,४९,६५१ आणि शेवटी मुंबई उपनगर. म्हणजे सर्वांत मोठा जिल्हा सर्वांत लहान ठरला आणि सर्वांत लहान जिल्हा मुंबई शहराच्याही पुढे गेला. संगणक चुकल्याची कोणतीही सूचना देत नाही आणि तक्ता व्यवस्थित लावल्यासारखाच दिसतो. क्रम लावणे अनिवार्य असेल तर त्या तक्त्यापुरते इंग्रजी अंक वापरावेत आणि स्वल्पविरामांची हाताळणी आधी तपासून पाहावी. तसे करायचे नसेल तर मोठ्यापासून लहानापर्यंत ओळी हातानेच लावून ठेवाव्यात. छत्तीस जिल्ह्यांसाठी हे काम फार नाही.

प्लगइन काढल्यावर काय उरते

प्लगइन बहुधा एखाद्या व्यक्तीने फावल्या वेळेत लिहिलेला असतो. त्या व्यक्तीने लक्ष घालणे थांबवले की प्लगइन जुना होत जातो. नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपी भाषेची आठवी आवृत्ती आली, तेव्हा पूर्वी चालवून घेतल्या जाणाऱ्या अनेक जुन्या लेखनपद्धती तिने नाकारल्या. देखभाल नसलेले प्लगइन अशा वेळी बंद पडतात आणि तेही सर्व्हर अद्ययावत केल्याच्या दिवशीच लक्षात येते.

म्हणून कोणताही प्लगइन स्वीकारण्यापूर्वी एक साधा प्रयोग करावा. चाचणीच्या पानावर एक तक्ता तयार करावा, प्रशासन पटलातून तो प्लगइन निष्क्रिय करावा आणि पान पुन्हा उघडावे. एडिटटेबल काढल्यास काहीच बदलत नाही. रॅप काढल्यास तक्त्याच्या वर व खाली त्याच्या खुणा उघड्या दिसू लागतात, रंग व रुंदी जाते, परंतु आतील तक्ता शाबूत राहतो. क्रम लावणाऱ्या प्लगइनचेही असेच. एक्स्टॅब३ काढल्यास मात्र तक्ताच मोडतो आणि त्याच्या जागी कंस, अधिक चिन्हे व तुटक ओळी दिसतात. माहिती नष्ट झालेली नसते, पण ती पुन्हा तक्त्यात आणण्यासाठी प्रत्येक ओळ हाताने लिहावी लागते. ज्या पानांचे आयुष्य एका सत्रापुरते आहे, तेथे हा धोका पत्करण्यास हरकत नाही. प्रवेशसंख्या, निकाल, ग्रंथसंख्या अशा वर्षानुवर्षे चालणाऱ्या तक्त्यांसाठी तो पत्करू नये.

कोकण विभागाचा वरील तक्ताही येथे संपणारा नाही. २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना झाली नाही, आणि नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी देशाच्या बहुतांश भागासाठी अधिसूचित झाली आहे. तिचे आकडे आल्यावर तक्त्यात चौथा रकाना वाढेल. त्यात ठाणे आणि पालघर यांना स्वतंत्र आकडे मिळतील. २०११ च्या रकान्यात मात्र पालघरच्या कप्प्यातील तीन अपूर्णविराम तसेच ठेवावे लागतील.